पीच गुलाबाला सलाईन

खुबा माझा मोडला, पण घाबरला माझा मुलगा. घरापुढच्या बागेत ओल्या मातीवरून मी घसरले, दवाखान्यात गेले, मांडीत सळई घालून घरी आले, आणि मी खुर्चीत नीट टेकते न टेकते तोच त्याने जाहीर करून टाकलं, की बाग काढायची आणि तिथे फरशी घालायची. खरबरीत, पाय न सरकणारी.

फरशी बसवणं हाच त्याचा धंदा आहे, आणि त्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही, हे मी आई म्हणून सांगत नाही. त्याने बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवा, जागची हलणार नाही. त्यामुळे दुसरा मुलगा आईला शाल आणेल, तसं हा आईला फरशी घालायला निघाला होता. मला ते कळत होतं. पण बाग माझी होती.

बाग म्हणजे काय, वॉर्डातल्या तीन खाटा जेमतेम मावतील एवढी जागा. मी उभा जन्म नर्स म्हणून काढला, शेवटी मेट्रन झाले, त्यामुळे कुठलीही जागा मी खाटांतच मोजते. घरात मला मागून मेट्रन म्हणतात. पुढून म्हणायची कुणाची छाती नाही. बागसुद्धा मी वॉर्डासारखीच चालवली. सकाळी फेरी, संध्याकाळी फेरी. कुणाला औषधाची फवारणी, कुणाच्या मोडक्या फांदीला पट्टी, कुणाला उन्हात सरकव, कुणाला सावलीत. गुलाबांचे तर इतके लाड, की आमचे हे म्हणायचे, "पुढच्या जन्मी मला या घरात नवरा नको, कुंडी कर." आणि मी दवाखान्यात पडून होते तेवढ्या दिवसांत माझे सगळे लाडके एकेक करून वाळून गेले. परत आले तेव्हा तिथे नुसती माती आणि काड्या.

"आई, तुला आता वाकायचं नाही," मुलगा म्हणाला. "मला वेळ नाही, हिला वेळ नाही, बाबांना झाड आणि गवत यातला फरक कळत नाही. बाग करणार कोण?"

"न करता जगेल असं झाड आणते," मी म्हणाले. मला राग आला की मी काहीही बोलते, आणि मग ते निभवावं लागतं.

"आण. कुणीही हात न लावता थंडी पडेपर्यंत जगलं, तर माती तुझी. मेलं, तर फरशी माझी. मग रुसायचं नाही."

"मी रुसत नाही. मी रागावते."

"तेही नाही."

असं ठरलं. ते ऐकून सूनबाईने स्वयंपाकघरातून मान बाहेर काढली आणि पुन्हा आत घेतली. ती औषधांच्या दुकानात काम करते, तोंड कधी उघडायचं आणि कधी नाही हे तिला बरोबर कळतं.

रोपं विकणाऱ्याकडे मला ह्यांनी गाडीतून नेलं. हे आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवत आले. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक असतो ना, तो दाबायची ह्यांच्या पायाला इतकी सवय लागली आहे, की मी वॉकर घेऊन चालायला लागले की हे शेजारून चालताना जमिनीवर पाय दाबतात. मी थांबत नाही, तरी दाबतात.

रोपवाला भला माणूस होता. मी म्हटलं, "मला असा गुलाब द्या, ज्याचं काही करावं लागत नाही."

"झुडपी गुलाब घ्या," तो म्हणाला, आणि कमरेएवढंही होणार नाही असं एक रोप पुढे केलं. "कलम नाही, स्वतःच्या मुळांवर वाढलेला आहे. फवारणी नको. सुकलेली फुलं खुडायला नकोत, पाकळ्या आपोआप गळतात. वर्षातून एकदा कात्री लावलीत तर लावलीत. सुरुवातीला मुळं धरेपर्यंत पाणी द्या, मग हात आखडता घ्या."

"आणि मी काय करायचं?"

"तुम्ही बघायचं, ताई."

मला तो अपमानच वाटला. पण त्या रोपावर एक फूल होतं, आणि त्याचा रंग बघून माझी बोलतीच बंद झाली. रोपवाला म्हणाला पीच. हे म्हणाले फिकट केशरी. माझ्या मते तो अबोली होता. घरी आल्यावर सूनबाईने बघितलं आणि म्हणाली, "आई, या शेडची लिपस्टिक मी शोधतेय आणि मिळत नाहीये." मग मी पीच म्हणायचं मान्य केलं, कारण लिपस्टिक अबोली असते असं मी आजवर ऐकलेलं नाही.

मुलाने स्वतः खड्डा खणला. माझ्या खिडकीसमोर, भिंतीच्या कोपऱ्यात. लावायचं तेवढं लावून दिलं, सुरुवातीचं पाणी घातलं, नवी पानं फुटली तशी हात झटकले आणि म्हणाला, "आजपासून कुणी नाही."

आजपासून कुणी नाही. मी खिडकीत खुर्ची टाकली आणि बघत बसले, रोपवाल्याने सांगितलं होतं तसं.

आता तुम्हीच सांगा, जिने माणसांच्या उशाशी बसून थेंब मोजले, तिने समोरच्या जिवाकडे नुसतं बघायचं? ऊन वाढायला लागलं. दुपारी पानं जराशी मलूल दिसायची. वॉकर घेऊन पायरी उतरायची मला बंदी होती, आणि उतरले असते तरी वाकता आलं नसतं. शिवाय घरात मला साधं भांडं उचलू देत नव्हते. "आई, तुम्ही बसा." "अगं, तू बस." "आई, बस ना." मी इतकी बसले, की मला उभं राहण्याचा अर्थच विसरायला झालं होतं. सकाळी सून माझे केस विंचरायला यायची. माझा खुबा मोडला होता, हात नव्हता मोडला. पण तिचा चेहरा इतका प्रेमळ असायचा, की मी आपली गप्प बसायचे. मी गप्प बसायचे, यावरून माझी काय अवस्था झाली होती ते ओळखा.

तर माझ्या जुन्या पेटीत सलाईनचा एक न वापरलेला संच होता. बाटली, नळी, सगळं. एका दुपारी घरात कुणी नसताना मी बाटलीत नळाचं पाणी भरलं, खिडकीच्या गजाला ती उलटी टांगली, आणि नळी पावसाच्या पन्हळीमागून भिंतीच्या कडेने सोडत काठीने ढकलत ढकलत गुलाबाच्या बुंध्यापर्यंत नेली. चाकी फिरवून थेंब लावले. टप, टप, टप. काय सांगू, कितीतरी दिवसांनी मला माझं काहीतरी करता आलं. लबाडी होती, कबूल. पण कायद्याने बघायला गेलं तर मी झाडाला हात लावलाच नव्हता.

रोज दुपारी माझा पेशंट सलाईनवर, आणि घरातले परत यायच्या आत बाटली पेटीत. सगळं कसं चोख.

आणि तरी त्याची पानं पिवळी पडायला लागली.

आधी खालची, मग मधली. एक कळी आली होती, तिने मान टाकली. मी बाटल्या वाढवल्या. एकाच्या दोन केल्या, थेंब जलद केले. पानं आणखी पिवळी. संध्याकाळी मुलगा कामावरून आला की फाटकाशी थांबून झाडाकडे बघायचा, मग माझ्याकडे, आणि काही न बोलता आत जायचा. तो काही बोलत नाही, याचीच मला भीती वाटायची. ह्यांनी एकदा विचारलं, "फरशी कुठल्या रंगाची घालतील गं?" मी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांचा पाय आपोआप ब्रेककडे गेला.

खरं सांगते, मी हरायला घाबरत नव्हते. पण ती माती गेली असती तर घराच्या बाहेर माझं म्हणून काहीच उरलं नसतं. मी, खिडकी आणि समोर सपाट फरशी. मेट्रन म्हणून माझ्या हाताखाली अख्खा मजला होता. आता तीन खाटांची जागाही राहणार नव्हती, या विचाराने मला जेवण जायचं नाही.

एका दुपारी मी बाटली टांगून चाकीला हात घालते, तर फाटक वाजलं. या वेळी कोण? मी बाटली खसकन ओढून मांडीवरच्या पांघरुणाखाली घातली, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. झोपेचं सोंग घेण्यात मी पटाईत आहे, रात्रपाळीत डॉक्टर लोक कोण झोपलंय बघायला यायचे तेव्हापासून.

पावलं माझ्या खिडकीपर्यंत आली, थांबली. मग कोपऱ्याकडे गेली. मी एक डोळा किलकिला केला. माझा मुलगा. कामावरच्या सिमेंटच्या कपड्यांत, गुडघ्यांवर बसलेला. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती, आणि तो गुलाबाच्या बुंध्याशी पाणी ओतत होता. हळूहळू, बोटं आडवी धरून, धार मातीला लागू नये म्हणून. तो लहान असताना मी त्याच्या डोक्यावर पाणी घालायचे ना, अगदी तसं.

"काय रे?" मी म्हणाले.

त्याच्या हातून बाटली पडली. "तू जागी आहेस? या वेळेला तर रोज झोपलेली असतेस."

"तू कामावर नाहीस?"

"मी... इथून जवळच काम चालू आहे."

"रोज जवळच चालू असतं?"

त्याने पडलेली बाटली उचलली. मग मातीकडे बघत म्हणाला, "आई, ते मरतंय."

"मरू दे की. तुझी फरशी पडेल."

"मला नाही टाकायची फरशी," तो म्हणाला. "तू पडलीस तेव्हा मी घाबरलो म्हणून बोलून गेलो. आता हे मेलं तर शब्द पाळायला मला इथे फरशी टाकावी लागेल, आणि तू काही बोलणार नाहीस. हल्ली तू काहीच बोलत नाहीस. मला जिंकायचं नाहीये गं."

एवढा मोठा माणूस, अंगभर सिमेंट, आणि असा गुडघ्यांवर बसून. मला हसावं का रडावं कळेना. मी पुढे वाकले, तर पांघरूण सरकलं, बाटली घरंगळत खाली गेली आणि पन्हळीमागून नळी लोंबायला लागली. तिच्या टोकातून पाणी ठिबकत होतं.

त्याने नळीकडे पाहिलं. नळीवरून वर माझ्याकडे पाहिलं. "हे काय आहे?"

"सलाईन," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

संध्याकाळी मी दरबार भरवला. सगळ्यांना समोर बसवलं आणि मेट्रनच्या आवाजात विचारलं, "झाडाला पाणी कोण कोण घालतं?" कितीतरी दिवसांनी माझा तो आवाज निघाला होता. हे आपल्या चपलांकडे बघायला लागले. सकाळी मी उठायच्या आत पेपर आणायला जाताना हे तांब्याभर पाणी आणि उरलेला चहा ओतत होते. "चहा गरम नसायचा," हे म्हणाले, जणू त्यानेच शिक्षा कमी होणार होती. सूनबाईने सांगितलं, दुकानातून येताना तिच्या बाटलीत जेवढं पाणी उरेल तेवढं ती, मी खिडकीत नसले की, फाटकातून आत आल्याबरोबर झाडाला देते, आणि पाणी उरावं म्हणून ती दुपारी कमी पिते.

म्हणजे कुणी हात लावायचा नाही असं ठरलेल्या झाडावर या घरातला एकूण एक माणूस चोरून पाणी ओतत होता.

आणि मी! फुफ्फुसात पाणी भरलेला पेशंट दारातून बघून ओळखणारी मी, माझ्या डोळ्यांदेखत एक जीव पाण्याने गुदमरत होता आणि मी सलाईन वाढवत होते. मला स्वतःचा असा संताप आला म्हणून सांगू. मग मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं, सुनेच्या पाहिलं, मुलाच्या पाहिलं, आणि मला हसू फुटलं. आधी मला, मग सगळ्यांना. सूनबाई तर हसता हसता रडायला लागली.

"ऐका," मी डोळे पुसून म्हणाले. "तोंडाने काही द्यायचं नाही. नळीने नाही, बाटलीने नाही, चहा तर नाहीच नाही. भेटायला येणाऱ्यांची वेळ बंद."

मुलाने फक्त एक परवानगी मागितली. कोपऱ्यात पाणी साचत होतं, आणि पाणी साचणं म्हणजे त्याच्या धंद्यात अब्रू जाणं. त्याने मातीला असा अलगद ढाळ दिला, की बुंध्याशी थेंब थांबू नये. झाडाला बोट लागू दिलं नाही. मी खिडकीतून बघत होते. सुईण बाळ हाताळते तसा हा माझा सिमेंटवाला मुलगा माती हाताळत होता, आणि मला वाटलं, याला असं काम करताना कुणीतरी बघायला हवं होतं.

मग आम्ही काही केलं नाही. लिहायला सोपं आहे. हे रोज सकाळी तांब्या हातात घेऊन दारापर्यंत जायचे आणि स्वतःच पिऊन परत यायचे. सूनबाई फाटकातून आत येताना मान दुसरीकडे वळवायची. मी बघायचे, नुसतं बघायचे. पिवळी पानं गळली. काड्या उरल्या. मुलगा म्हणाला, "गेलं." मी म्हणाले, "गप्प बस." माती कोरडी झाली, भेगा पडल्या, आणि एका सकाळी खालून, अगदी मुळाजवळून, तांबूस कोंब वर आले होते. कलम नव्हतं ना ते. जे फुटणार ते त्याचं स्वतःचंच होतं.

त्यानंतर ते झुडूप सुटलंच. पसरलं, दाट झालं, आणि कळ्यांचे घोस लागले. कळी मिटलेली असते तेव्हा जवळजवळ नारिंगी, उमलते तेव्हा पीच, आणि दोन दिवसांनी कडेने फिकी होत होत सायीसारखी. एकाच फांदीवर सगळे रंग. जुन्या पाकळ्या कुणाला न विचारता गळतात आणि खाली नव्या तयार असतात. समोरच्या घरातल्या मास्तरीणबाई, ज्या स्वतःच्या गुलाबांना सकाळ-संध्याकाळ काहीतरी पाजत असतात, त्या फाटकाशी आल्या आणि तोंडात बोटं घालून म्हणाल्या, "कुठलं खत घालता हो?"

"काही नाही," मी म्हणाले.

"फवारणी?"

"काही नाही."

"निदान पाणी तरी?"

"पावसाचं, आलं तेवढं. आमचा पेशंट स्वतःच्या पायावर उभा आहे." आयुष्यात मी खूप काही केल्याचा तोरा मिरवला आहे, पण काही न केल्याचा तोरा याहून भारी असतो, हे मला उतारवयात कळलं.

थंडी तोंडावर आली तेव्हा सुट्टीच्या दिवशी मुलगा दोरी आणि पातळी बघायचं यंत्र घेऊन बागेत उतरला. "शब्द म्हणजे शब्द!" मी खिडकीतून ओरडले. "जगलंय ते! माती माझी आहे!"

"अगं, ऐकून तरी घे," तो म्हणाला. "आपण सगळेच बाद झालो होतो, त्यामुळे शर्तबिर्त काही उरली नाही. माती तुझीच. मी फक्त पायरीपासून गुलाबापर्यंत वाट घालतोय. खरबरीत दगडाची, हातभर रुंद. तुला जाता यावं म्हणून."

"म्हणजे तुम्ही मला धरून नेणार."

त्याने दोरी खाली ठेवली. "नाही," तो म्हणाला. "तू जाणार."

वाट तयार झाली. दगड असे बसले होते, की सांध्यातून नख जाऊ नये. मी वॉकर दारात सोडला आणि हातात काठी घेतली. सूनबाई धावत आली, तिला मी नजरेनेच थांबवलं. हे पायरीशी उभे, जमिनीत पाय रोवून. मी पायरी उतरले. खुब्यातून कळ आली, गेली. पहिला दगड. दुसरा. मधेच तोल किंचित गेला, आणि मागे सगळ्यांचा श्वास एकदम अडकलेला मला ऐकू आला. पण पाऊल कुणाचं वाजलं नाही. मी काठी टेकली, सावरले आणि पुढे गेले.

गुलाबाशी पोचले तेव्हा मला धाप लागली होती. मी एका फुलाला बोट लावलं, पहिल्यांदाच. मग वळून मागे पाहिलं.

माझा मुलगा वाटेच्या टोकाशी उभा होता. चेहरा पांढराफटक. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत इतके घट्ट धरले होते, की खांदे थरथरत होते. ते हात सुटले असते तर मला धरायला धावले असते, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. त्याने ते सोडले नाहीत.

त्याने आजवर कितीतरी घरांना फरशी घातली आणि त्या प्रत्येक घरात मी मिरवून आले आहे. पण त्या दिवशी त्या धरलेल्या हातांचा मला जेवढा अभिमान वाटला, तेवढा कधीच वाटला नव्हता.